आधी घरातलं काढ, मग डिस्क बदल

पोरी, तुझ्या आईचा, आमच्या ताईचा, फोन झाला. घरचा कॉम्प्युटर चालू केला की सीपीयूतून टक्‌ टक्‌ आवाज येतो, चहा उकळून गाळून होतो तरी पडदा काळाच, आणि नशीब असलं तर विंडोज उघडतं. दाजी म्हणतात, भंगारात द्या. तू म्हणतेस, हार्ड डिस्क बदलून बघते. तुझं म्हणणं बरोबर आहे. दहा-बारा वर्षांचं मशीन असलं तरी त्याचा मदरबोर्ड आणि प्रोसेसर घरच्या कामाला अजून पुरतात, आणि डिस्क बसवणं तासाभराचं काम आहे. पण त्याच्या आधीचं काम मोठं आहे. नवी डिस्क केजला मिळेल, बीडला मिळेल, अंबाजोगाईला मिळेल. जुन्या डिस्कवर जे आहे ते कुठल्याच दुकानात मिळणार नाही. तेव्हा हे सगळं वाचून होईपर्यंत ते मशीन बंद राहू दे.

तो आवाज कसला, ते आधी समजून घे. हार्ड डिस्कच्या डबीत आरशासारख्या चकचकीत तबकड्या असतात. डेस्कटॉपमधल्या बऱ्याचशा डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. तबकडीवरचं वाचणारं टोक, त्याला हेड म्हणतात, ते तबकडीला टेकत नाही; हवेच्या पातळ थरावर तरंगतं. दोघांमधलं अंतर काही नॅनोमीटर, माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड. हेडला नेमकी जागा सापडली नाही की ते मागे जातं आणि पुन्हा प्रयत्न करतं. तुला ऐकू येतो तो हाच प्रयत्न. हेड किंवा तबकडी खरचटलेली असेल तर प्रत्येक प्रयत्नागणिक वरचा थर आणखी निघतो, आणि घरातले फोटो त्याच थरात आहेत. म्हणून आवाज करणारी डिस्क ‘बघू आज चालते का’ म्हणून रोज चालू करायची नाही. ती अजून किती वेळा चालू होईल हे कुणालाच ठाऊक नसतं. जे काय उरलंय ते फक्त डेटा काढायला वापरायचं.

गावात सल्ले देणारे खूप भेटतील, त्यातले काही आत्ताच कानाबाहेर टाक. डिस्क पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवायची नाही; बाहेर काढली की आत दव धरतं आणि उरलीसुरली डिस्क जाते. हातोडीच्या दांड्यानं ठोकायची नाही. वरचे स्क्रू काढून ‘आत बघू’ तर मुळीच नाही, कारण धुळीचा एक कणसुद्धा त्या हेडखाली दगडाएवढा असतो आणि आपल्याकडं उन्हाळ्यात धूळ किती असते ते तुला माहीत आहे. विंडोज सुरू होताना स्वतःच म्हणेल की डिस्क तपासून घ्यायची आहे, तेव्हा कुठलंही बटण दाबून ते थांबव. चेकडिस्क, डीफ्रॅग, अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन ही सगळी निरोगी डिस्कची कामं आहेत. आजारी डिस्कला ती कोपऱ्याकोपऱ्यात पळवतात आणि वरून लिहितातही. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड करणारे लोक मी पाहिलेत. ज्या जागेवर हरवलेली फाइल असते तिथंच ते सॉफ्टवेअर जाऊन बसतं.

आता, दोष डिस्कचाच आहे का हेही बघायला हवं. शाळेची कॉम्प्युटर लॅब मी बरीच वर्षं सांभाळली, तिथं ‘डिस्क गेली’ म्हणून आलेल्या मशीनपैकी काहींची नुसती केबल सैल असायची. पिन काढ, पॉवरचं बटण दाबून धर म्हणजे आत साठलेला करंट उतरेल, मग केबिनेटचं झाकण उघड. डिस्कला दोन केबली असतात: एक पातळ, सात पिनांची, डेटाची, दुसरी रुंद, पंधरा पिनांची, एसएमपीएसकडून, म्हणजे पॉवर सप्लायकडून, येणारी. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसव. तुमच्याकडं कॉम्प्युटरच्याच खोलीत ज्वारीची पोती असतात, म्हणजे उंदीर आलेच. वायरी कुरतडलेल्या नाहीत ना ते बॅटरीच्या उजेडात नीट बघ. मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. तो संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, सेटिंग विसरली जाते आणि चांगली डिस्कसुद्धा ‘सापडत नाही’ म्हणून पडद्यावर येतं. घड्याळाच्या दुकानात मिळतो तो, आधी तोच बदलून बघावा. एसएमपीएस थकला असेल तरी डिस्क मध्येच थांबून पुन्हा फिरायला लागते आणि तसाच टक्‌ आवाज येतो, म्हणून पॉवरची दुसरी पिन मोकळी असेल तर ती लावून बघ.

यानंतरही आवाज असेल तर मशीन विंडोजमधून चालू करूच नकोस. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर आठ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये लिनक्स मिंट टाकून घे. रूफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर ते काम करतं. लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी फुकट यंत्रणा आहे. तो पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलंस की सगळी यंत्रणा पेनड्राइव्हवरून चालते आणि डिस्कला निवांतपणा मिळतो. डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल’ असं चिन्ह दिसेल, त्याला अजिबात हात लावू नकोस. मेनूमध्ये ‘डिस्क्स’ आहे, त्यात ‘स्मार्ट’ नावाचा तक्ता उघडतो. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवते, ती ही. पाच नंबरची ओळ म्हणजे खराब झाल्यामुळं बदलून घेतलेल्या जागा. १९७ म्हणजे वाचता न आलेल्या, निकाल बाकी असलेल्या जागा. १९८ म्हणजे हात टेकलेल्या. या तिन्हींत शून्य असावं. आकडा असेल आणि वाढत असेल तर डिस्क जाणार. १९९ वाढत असेल तर केबल बदलून बघ, डिस्क कदाचित चांगली असेल.

पण शून्य दिसलं म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. पहिली स्कॅन एरर, म्हणजे तपासणीत वाचता न आलेली जागा, दिसल्यानंतर साठ दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता बिनएररच्या डिस्कपेक्षा ३९ पट निघाली. आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये स्मार्टमधल्या महत्त्वाच्या चारही खुणा शून्यच होत्या. म्हणजे डिस्कनं तक्रार केली तर ऐकायचंच, आणि ती गप्प आहे म्हणून विसंबायचं नाही.

आता खरं काम. दाजींना विचारलंस तर ते म्हणतील, ‘सगळं महत्त्वाचं डी ड्राइव्हला ठेवलंय, काळजी नाही.’ आपल्याकडं प्रत्येक घरात हा समज आहे. कॉम्प्युटर घेताना दुकानदारानं डिस्कचे दोन-तीन भाग पाडून दिले, सी, डी, ई अशी नावं दिली, आणि सांगितलं की विंडोज सीमध्ये, तुमचं डीमध्ये. विंडोज बिघडून फॉरमॅट मारायची वेळ आली तर डी वाचतो, एवढंच खरं. पण सी आणि डी दोन्ही त्याच तबकड्यांवर आहेत. हेड मेलं की दोन्ही एकाच क्षणी जातात. डी ड्राइव्ह हा बॅकअप नव्हे, हे दाजींना, ताईला, धाकट्यालाही सांगून ठेव.

काय आधी काढायचं ते मशीन चालू करण्याआधी कागदावर लिही. डिस्क मध्येच बंद पडली तर जेवढं निघालं तेवढंच आपलं, म्हणून क्रम महत्त्वाचा. मी एकच कसोटी लावतो: हे दुसरीकडून मिळू शकतं का? सातबारा आणि आठ अ सरकारच्या साइटवरून पुन्हा निघतात. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळतो. मार्कमेमो बोर्डाकडून मिळतो. सिनेमे, गाणी, गेम यांच्यावर डिस्कचा एक मिनिटही घालवू नकोस. ज्याची दुसरी प्रत कुठंच नाही, ते पहिलं.

आणि तुमच्या घरी तसं पहिलं काय आहे ते मला माहीत आहे. आईच्या, म्हणजे तुझ्या आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या. मी कॅसेटवर घेतल्या होत्या, नंतर त्या एमपीथ्री करून याच कॉम्प्युटरवर ठेवल्या. कॅसेट आता वाजत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, १९९० च्या दशकात त्यातल्या काहींचं ध्वनिमुद्रण केलं. आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांचे आवाज त्यात आहेत. नीट जपलं गेलं म्हणून ते आज कुणालाही ऐकता येतात. आजीचा आवाज त्या संग्रहात नाही. तो फक्त तुमच्या डिस्कवर आहे. सगळ्यात आधी तो फोल्डर काढ. त्याच्या मागून फोटो. त्यातही मोबाइल येण्याआधीच्या डिजिटल कॅमेऱ्याचे, कारण नंतरचे बहुतेक कुणा ना कुणाच्या फोनमध्ये सापडतील. मग लग्नाच्या सीडीवरून उतरवलेलं शूटिंग. मग स्कॅन केलेले जुने फेरफार, वाटणीपत्र, खरेदीखत, मूळ कागद ट्रंकेत असले तरी. मग दाजींच्या दुकानाचा टॅलीचा डेटा फोल्डर, चालू वर्षाचा आधी.

लोक ‘माय डॉक्युमेंट्स’ काढतात आणि डेस्कटॉप विसरतात. आपल्याकडं सगळे सगळं डेस्कटॉपवरच ठेवतात, आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्ये असतो, ‘यूझर्स’ फोल्डरच्या आत तुमच्या नावाखाली. डाउनलोड्स तिथंच. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं नाव असेल तर प्रत्येकाचं बघावं लागेल.

आणखी एक गोष्ट आपल्या मराठी माणसांच्या वाट्याला येते, आणि ती इंग्रजी पुस्तकांत सहसा लिहिलेली नसते: फॉन्ट. दाजींनी अर्ज, पत्रिका, हँडबिलं टाइप केली ती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत, किंवा सी-डॅकच्या सुरेखसारख्या फॉन्टमध्ये, काही शिवाजीत. युनिकोड रुळण्याआधीचे हे फॉन्ट. त्यांच्यात फाइलच्या आत मराठी अक्षर नसतंच. आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे नंबर असतात आणि त्या नंबरावर फॉन्ट मराठी चित्र काढतो. फाइल जशीच्या तशी नव्या डिस्कवर गेली आणि फॉन्ट मागं राहिला तर उघडल्यावर पानभर विचित्र खुणा दिसतात. लोकांना वाटतं फाइल खराब झाली, आणि ते ती उडवून टाकतात. म्हणून सी ड्राइव्हमधल्या ‘विंडोज’ फोल्डरच्या आतला ‘फॉन्ट्स’ हा अख्खा फोल्डर उचलून घे. काहीशे एमबीचा तर असतो. श्रीलिपीची सीडी आणि यूएसबीला लावायचा तिचा लॉक कपाटात असेल तोही शोधून एका डबीत ठेव. पेजमेकर, कोरलड्रॉच्या फाइल असतील तर त्यांचीही नोंद कर. नवं मशीन लागल्यावर सवडीनं एकेक महत्त्वाची फाइल युनिकोडमध्ये करून घे. फॉन्ट हाती असेल तर हे काम दहा वर्षांनीही होतं.

उतरवायचं कशावर? बाहेरून लावायची चांगल्या कंपनीची एक्स्टर्नल डिस्क घे, पावतीसकट. नेटवर काहीशे रुपयांत दोन टीबीचा पेनड्राइव्ह मिळतो म्हणून कुणी सांगेल. ते साफ खोटं असतं. त्याच्या आत जेमतेम काही जीबीची चिप असते आणि दोन टीबी दाखवण्याची व्यवस्था केलेली असते. कॉपी झालेलं दिसतं, फायलींची नावंही दिसतात, आत मात्र काही नसतं. फोटो गेलेत हे काही महिन्यांनी कळतं, तोवर जुनी डिस्कही गेलेली असते.

थोडे थोडे फोल्डर कॉपी कर. एखाद्या फाइलवर गाडी अडली तर ती सोडून पुढं जा. सारखंच अडायला लागलं तर फायली ओढणं थांबव आणि डीडीरेस्क्यू वापर. लिनक्सवरचं हे फुकट साधन. ते आधी डिस्कचा सोपा, पटकन वाचता येणारा भाग उतरवून घेतं, अवघड जागा मागं ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडं वळतं. कुठपर्यंत आलो याची नोंद ते एका फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळं मध्येच लाइट गेली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. फक्त ती नोंदीची फाइल पेनड्राइव्हवर न ठेवता एक्स्टर्नल डिस्कवर ठेव. आज्ञा लिहिताना मूळ डिस्क कुठली आणि रिकामी कुठली हे साइज आणि मॉडेल बघून दोनदा पडताळ. उलटं लिहिलंस तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरेल आणि मग कुणीच काही करू शकणार नाही. जवळ कुणाला तरी बसव आणि मोठ्यानं वाचून दाखव. डिस्क फिरतच नसेल किंवा ओळखलीच जात नसेल तर तिथंच थांब. मग ती मोठ्या शहरातल्या डेटा रिकव्हरीच्या लॅबचीच केस, तिथं धूळमुक्त खोलीत उघडतात. पैसे बरेच लागतात. आजीच्या आवाजासाठी मी ते देईन, म्हणून मला विचारल्याशिवाय ‘जाऊ दे’ म्हणू नकोस.

सगळं निघालं की लगेच जुनी डिस्क पुसायची नाही. फोल्डरची साइज आणि फायलींची संख्या दोन्हीकडं जुळते का बघ. नुसती नावं बघून विश्वास ठेवू नकोस: फोटो उघड, ओव्या शेवटपर्यंत ऐक, टॅलीत कंपनी उघडते का बघ.

नवी काय घ्यायची? विंडोजसाठी एसएसडी. तिच्यात फिरणारं काही नसतं. फिरत्या डिस्कमध्ये हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, वर हेड सरकायचा वेळ वेगळा. एसएसडीत ते थांबणंच नाही. त्यामुळं जुनं मशीनसुद्धा ताजं वाटतं. दुकानात जाताना ‘अडीच इंची साटा एसएसडी’ असंच म्हण. नुसतं एसएसडी म्हटलंस तर च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम डॉट टू हातात देतील आणि तुमच्या मदरबोर्डवर तिला जागाच नसेल. २४० किंवा ५०० जीबी पुरे. घरी आल्यावर विंडोज २४० च्या जागी २२३ दाखवेल, ५०० च्या जागी ४६५. त्यात दुकानदारानं फसवलेलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. फसवणूक दुसरीकडं असते: वापरलेली डिस्क नवी म्हणून विकणं. बिल घे, आणि स्मार्टच्या तक्त्यातली नऊ नंबरची ओळ बघ, डिस्क किती तास चाललीय ते तिथं लिहिलेलं असतं. नव्या डिस्कवर हजारो तास असतील तर त्याच दिवशी परत कर.

भाव उतरेल म्हणून थांबू नकोस. २०११ साली थायलंडमध्ये महापूर आला, तिथले डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि जगभरात डिस्क महाग झाल्या. त्या वर्षी ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणणाऱ्या शाळा अडकून पडल्या. आणि केबिनेट उघडल्यावर डिस्कला सात पिनांच्या केबलऐवजी रुंद राखाडी पट्टा दिसला, तर ते आयडीईचं मशीन; त्याच्यावर पैसे घालू नकोस. त्यातला डेटा काढ आणि त्याला निरोप दे.

बसवणं सोपं आहे. केबिनेट उघडलं की आधी मोबाइलवर आतले दोन-चार फोटो काढ. हात लावण्याआधी केबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श कर, म्हणजे अंगातली स्थिर वीज चिपमध्ये जाणार नाही. स्क्रू वाटीत ठेव, पण जुन्या डिस्कचे आणि एसएसडीचे मिसळू नकोस. जुन्याचे जाड आट्यांचे असतात, एसएसडीला बारीक आट्यांचे लागतात, जबरदस्तीनं फिरवलेस तर आटे जातील. केबलच्या तोंडाचा आकार इंग्रजी एलसारखा आहे, सरळ बसते, वाकडी दाबलीस तर आतली प्लास्टिकची जीभ तुटते. डेटाची केबल नवीच घे, फार पैसे लागत नाहीत. विंडोज किंवा लिनक्स टाकताना जुन्या डिस्कच्या दोन्ही केबली काढून ठेव. ती लागलेली असेल तर विंडोज सुरुवातीच्या काही फायली तिच्यावरच टाकून ठेवतं, आणि पुढं ती काढली की नवी एसएसडी एकटी उठतच नाही.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ तुमच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही. माझं मत सांगतो: लिनक्स मिंट टाक. ब्राउझर, लिबरऑफिस, इनस्क्रिप्टचा मराठी कीबोर्ड सगळं आहे. टॅली आणि श्रीलिपीसाठी विंडोज १० ठेवावं लागलं तर ठेव, विंडोज १० ला डिजिटल लायसन्स असेल तर ते मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्क बदलून जात नाही. पण बँकेचं काम त्या मशीनवर करायचं नाही.

आता डिस्क मेली कशानं? वयानं म्हणशील, तर ते अर्धंच खरं. लाइटनं मेली. तुमच्या नांदूरघाटात लाइट जाते तेव्हा चालत्या डिस्कचं हेड घाईनं बाजूला पळतं, आणि येते तेव्हा व्होल्टेजचा झटका घेऊन येते. यूपीएस आहे ना, म्हणशील. त्यातली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि पुढं तो नुसता पिनबोर्ड होतो. विंडोज पूर्ण बंद करून, यूपीएसवर टेबललॅम्प लावून मेन स्विच बंद कर. दिवा लगेच गेला तर बॅटरी बदल. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावायचा नाही, तो तापताना एकदम करंट ओढतो. लाइट आली की थोडं थांबून मग मशीन चालू करायचं. वळवाचा पाऊस, गडगडाट सुरू झाला की मेन पिन आणि नेटची वायर दोन्ही काढायच्या. वीज नेटच्या वायरीतूनही आत येते. आणि एक विचारतो: केबिनेटला हात लावला की मुंग्या येतात ना? ती अर्थिंगची तक्रार आहे. तसंच चालवायचं नाही, वायरमनला बोलावून अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून नवा करून घे, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहा.

डेटाच्या दोन प्रती झाल्या, एक नव्या डिस्कवर आणि एक एक्स्टर्नलवर, म्हणून काम संपत नाही. दोन्ही एकाच घरात आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारीकडच्या गावांत लोकांची घरंच्या घरं बसली, ट्रंका आणि कागद मातीखाली गेले. आपल्याकडंही तो हादरा बसला होता, तुझी आई तेव्हा लहान नव्हती, तिला विचार. एक प्रत गावाबाहेर हवी. पुण्याच्या मावशीकडं ठेव, दर दिवाळीला ती गावी येते तेव्हा डिस्क सोबत आणायला सांग, नवे फोटो घालून परत दे. दिवाळीला ती लावून चालवली जाईल हेही बरंच, नुसती कपाटात पडून राहिलेली डिस्क ऐन वेळी दगा देते. बाहेर ठेवायची प्रत एसएसडीवर नको, फिरत्या डिस्कवरच ठेव. एसएसडी लांब काळ विजेवाचून ठेवली तर तिच्यातलं पुसट होत जातं.

त्यातले निवडक फोटो कागदावर छापून घे. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे, कापडावर लिहिलेली. चारशे वर्षांनीही ती डोळ्यांनी वाचता येते, मधे कुठलं यंत्र लागत नाही. छापण्याआधी ताईला शेजारी बसवून प्रत्येक फोटोतली माणसं ओळखून घे आणि छापल्यावर फोटोच्या मागं नावं, गाव, साल लिही. हे काम यंदाच कर. जुन्या फोटोंतली निम्मी माणसं आता तिला एकटीलाच ओळखू येतात.

जुनी डिस्क वर्षभर कोरड्या डब्यात ठेव, वर तारीख आणि ‘खराब’ असं मार्करनं लिहून, नाहीतर कुणीतरी ती पुन्हा वापरायला काढेल. वर्षभरात काही राहिलं असल्याचं आठवलं नाही, तरच काढून टाक. पण भंगारवाल्याला तशीच द्यायची नाही. तिच्यात सगळ्यांची आधार, पॅन, पासबुकं स्कॅन केलेली आहेत, आणि डिलीट केलेल्या फायली परत काढता येतात. वेल्डिंगच्या दुकानात नेऊन तबकड्यांतून आरपार दोन-तीन भोकं पाडून घे. ड्रिल मारताना तू लांब उभी राहा आणि मारणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा असू दे. सर्किटची हिरवी पट्टी जाळायची नाही, तिचा धूर विषारी असतो. तालुक्याला ई-कचरा घेणारा कुणी असेल त्याच्याकडं दे.